तुम्ही विचारलंत म्हणून: फुग्याला रॉकेट कशाला?

‘फुगा आपोआप वर जातो, मग त्याला रॉकेटमधून पाठवायचे कशाला?’ ठाण्यात वागळे इस्टेटमधील, वरच्या हवेची मोजणी करणाऱ्या फुग्यांच्या आमच्या छोट्या कार्यशाळेत येणारे बहुतेक जण हेच विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. हवामान खात्याचा रबरी फुगा साधारण ३० ते ३५ किलोमीटरवर फुटतो, तर उपग्रह १०० किलोमीटरच्या आसपास उतरला की हवेच्या घर्षणामुळे कक्षेत टिकत नाही. मधल्या पट्ट्यात उपकरण न्यायचे, तर रॉकेटवाचून गत्यंतर नाही.

शिवाय आमचा फुगा चढण्यासाठी नसतोच, तो पडण्यासाठी असतो. शंभरेक किलोमीटरवर रॉकेटमधून मायलारची (पातळ, चिवट प्लॅस्टिकची) घडी बाहेर पडते, आतल्या कुपीतील आयसोपेंटेन या पटकन उडून जाणाऱ्या द्रवाची क्षणात वाफ होते आणि सुमारे १ मीटर व्यासाचा हलका गोल फुगतो. त्याचे वजन व आकार ठाऊक असल्याने तो पडताना किती मंदावतो यावरून हवेची घनता, बाजूला किती वाहतो यावरून वारा आणि घनतेच्या उतरंडीवरून तापमान काढता येते. तीसेक किलोमीटरवर बाहेरचा दाब आतल्यापेक्षा वाढून गोल चुरगळतो. तिथून खालची हवा नेहमीचे फुगे मोजतातच. केरळमधील थुंबा तळावरून इस्रोच्या छोट्या आरएच-२०० रॉकेटने तांब्याचे बारीक तंतू सोडूनही वारा मोजला गेला आहे, पण घनता मोजायला गोल कामी येतो.

गोल सोडण्याची ही पद्धत अमेरिकेत १९६० च्या दशकापासून रुळलेली आहे. तिच्यात फुगा स्वस्त. महाग असते ते त्याचा माग काढणारे अचूक रडार. म्हणून आम्ही मोजमाप गोलाच्या पोटातच बसवू पाहतो. त्यात पहिली आडकाठी जीपीएसची, कारण बाजारातले अनेक रिसीव्हर जुन्या निर्यात-नियमांमुळे १८ किलोमीटरच्या वर किंवा सेकंदाला सुमारे ५१५ मीटरहून अधिक वेगात काम थांबवतात. त्वरणमापक (वेगातला बदल मोजणारा सेन्सर) घ्यावा, तर तो बरोबर केंद्रात टांगावा लागतो. जरा सरकला की गोलाची गिरकीच हवेचा रोध म्हणून नोंदली जाते.

खरी ओढाताण मात्र वजनाची आहे. उपकरणाने गोल जड झाला की तो वेगाने पडतो आणि वरच्या विरळ हवेचा त्याच्यावरील परिणाम मोजण्याइतका उरत नाही. त्यामुळे सध्या आमचा सारा खल सेन्सरपेक्षा बॅटरी किती लहान चालेल, यावरच होतो.