तुम्ही विचारलंत म्हणून: नाताळचं नवं मला कुठून सुचतं

मी बारीक मण्यांतून नाताळच्या वस्तू विणते आणि नोव्हेंबर संपत आला की हा प्रश्न हमखास येतो. "चांदणी, हिमकण, देवदूत, घंटा. नाताळच्या खुणा ठरलेल्या आहेत. मग दरवर्षी त्याच मण्यांतून तुम्हाला नवं कसं सुचतं?"

खरं सांगायचं तर विषय मला शोधावा लागत नाही. तो नाताळच देतो आणि मला तेवढा पुरतो. नवं सापडतं ते मण्याच्या आकारात आणि मण्यावर पडणाऱ्या उजेडात. म्हणून मी कागदावर चित्र काढून सुरुवात करत नाही. आधी सुईत दोरा ओवते, मणी उचलते आणि ते हातात कसे बसतात ते बघते.

हिमकणाचंच घ्या. टेबलावर एक गोल मणी ठेवा आणि त्याच मापाचे मणी त्याच्याभोवती चिकटून लावत जा. बरोबर सहा बसतात. पाच लावले तर फट राहते आणि सातव्याला जागाच उरत नाही. हिमकणालाही सहाच बाजू असतात, कारण पाणी गोठताना त्याचे रेणू षटकोनी रचनेत बांधले जातात. मण्यांचा हिमकण सहा पाकळ्यांचा करायचा हे मी ठरवत नाही, तो तसाच होतो. योहानेस केप्लर या खगोलशास्त्रज्ञाने 1611 साली एका स्नेह्याला नववर्षाची भेट म्हणून छोटं टिपण लिहून दिलं. विषय हाच, हिमकणाला सहाच कोपरे का? उत्तर शोधताना तो मधमाश्यांच्या पोळ्याकडे वळला, डाळिंबाच्या दाण्यांकडे वळला, गोळे एकमेकांना चिकटून कसे रचले जातात याचा विचार करत बसला. पूर्ण उत्तर त्याला मिळालं नाही, पण त्याने जिथून सुरुवात केली तिथूनच मीही दर हिवाळ्यात करते, याचं मला फार अप्रूप आहे.

पुढे 1885 साली अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये विल्सन बेंटली नावाच्या शेतकऱ्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो काढला आणि आयुष्यभरात असे 5,000च्या वर फोटो काढले. ते फोटो मी पुन्हा पुन्हा बघते. काही हिमकण सपाट चकतीसारखे असतात, काहींना नेच्याच्या पानासारखे फाटे फुटलेले असतात. त्यातूनच मी मधला भाग दाट आणि टोकं विरळ ठेवायला शिकले. मधल्या भागाला 11/0 मापाचे मणी घेते, म्हणजे साधारण दोन मिलिमीटरचे. फाटे बारीक होत गेले की 15/0 घेते (या मापात आकडा वाढला की मणी लहान होतो) आणि टोकाला तीन मण्यांची चिमुकली कळी बांधते. दोरा प्रत्येक फाट्यातून दुसऱ्यांदा फिरवला नाही, तर हिमकण टांगल्यावर मान टाकतो.

रंगाचा भाग याहून अवघड. लाल आणि हिरवा ही नाताळची जोडी सगळ्यांना प्रिय आहे, पण बारीक मण्यांत हे दोन रंग एकाआड एक विणले की चार पावलांवरून त्यांचा तपकिरी होतो. डोळा ते मिसळून टाकतो. म्हणून मी त्यांच्या मध्ये सोनेरी किंवा पांढऱ्या मण्यांची एक ओळ घालते, किंवा दोघांना मोठे सलग भाग देते. लाल निवडताना तर मी फारच वेळ लावते. अपारदर्शक लाल दिवसा छान दिसतो आणि मेणबत्तीपुढे मिटून जातो. पारदर्शक लाल मण्याला आतून रुपेरी अस्तर असेल, तर तो उलट संध्याकाळीच जागा होतो. नाताळची वस्तू बहुतेक वेळा दिव्याच्या उजेडातच बघितली जाते, त्यामुळे माझा अंतिम निर्णय कायम रात्री होतो.

आणि पांढरा! पांढऱ्याबद्दल मला कुणी विचारत नाही, पण सगळ्यात जास्त मी त्यातच रमते. खडूसारखा पांढरा, मोत्याचा पांढरा, घासलेल्या काचेचा पांढरा. शिवाय ओपल काचेचा मणी, जो गडद कापडावर निळसर दिसतो आणि मागून उजेड आला की पिवळसर केशरी होतो. संध्याकाळचा बर्फ मला त्या एका मण्यात मिळतो.

प्रेरणा म्हणाल तर ती मला माणसांकडूनही मिळते. चेक प्रजासत्ताकाच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी पोनिक्ला नावाचं गाव आहे. तिथे काचेची नळी तापवून, साच्यात धरून, तोंडाने फुंकतात आणि पोकळ मण्यांची अख्खी ओळ एका दमात तयार होते. मग मण्यांना आतून चांदीचा मुलामा देतात, रंगवतात, कापतात आणि तारेत ओवून त्यांच्या चांदण्या करतात. नाताळच्या झाडासाठी मण्यांचे दागिने करण्याच्या या कलेला 2020 साली युनेस्कोच्या वारशाच्या यादीत जागा मिळाली. त्याच वर्षी इटली आणि फ्रान्समधल्या काचमण्यांच्या कलेचीही नोंद झाली. व्हेनिसमध्ये एकेकाळी हजारो बायका हातात लांब सुयांचा पंखा धरून, लाकडी खोक्यातल्या मण्यांत तो खुपसून, एकाच वेळी कितीतरी सर भरत. त्यांना इम्पिरारेस्से म्हणत. दारात बसून, तुटपुंज्या मजुरीवर त्यांनी ओवलेले मणी जगभर गेले आणि त्यांची नावं मागे राहिली नाहीत. बारीक मण्यांच्या कामाला कुणी 'वेळ घालवायचा छंद' म्हटलं की मला त्या बायका आठवतात आणि मी ते बोलणं तिथेच थांबवते.

कामाचं वेळापत्रक विचाराल, तर मागणीचं काम मी उन्हाळ्यातच सुरू करते. डिसेंबरमध्ये सुरू केलेली वस्तू डिसेंबरमध्ये घाईनेच होते आणि मण्यांचं काम घाई सहन करत नाही. गाठ सैल राहते, ताण कमी पडतो. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारनंतर मी नवी मागणी घेत नाही. काहींना ते आवडत नाही. पण ते चार आठवडे वाट बघण्याचे असतात आणि वाट बघणाऱ्या माणसाने पाकिटं बांधत बसू नये, असं मला मनापासून वाटतं.

माझं स्वतःचं काम होतं ते 25 डिसेंबर ते 6 जानेवारी या दिवसांत. सगळ्यांच्या भेटी पोचलेल्या असतात, माझ्याकडून कुणाला काही नको असतं. 6 जानेवारी हा ताऱ्याच्या मागोमाग बाळ येशूला भेटायला आलेल्या ज्ञानी राजांचा सण, म्हणून या दिवसांत मी तारा घेऊन बसते. यंदाचा पाच टोकांचा आहे. पाच मण्यांच्या कड्यात मधला मणी बसत नाही, तिथे बारीकशी पोकळी राहते. आजवर ती मी लहान मण्याने बुजवायचे. यंदा ती उघडी ठेवली आहे आणि भोवती फक्त ओपलचे मणी घेतले आहेत, मागचा उजेड तिथून थेट यावा म्हणून. दोन टोकं विणून झाली आहेत, तिसरं आज घेईन.