अल्माटीच्या उइगुर खानावळीत दुपारचे जेवण : माझा अनुभव

माझी भाची कझाकस्तानातील अल्माटी शहरात एमबीबीएस शिकते आणि तिला भेटायला जाणाऱ्या घरच्या प्रत्येकाला ती एकदा तरी उइगुर खानावळीत जेवायला नेते. मी मटण-मासे खाते, परंतु गोमांस खात नाही. त्यामुळे नुसते चित्रावर बोट ठेवून जेवण मागवणे मला शक्य नव्हते. अशीच अट असलेल्या इतरांना उपयोग व्हावा म्हणून ते जेवण कसे पार पडले, ते लिहीत आहे.

उइगुर, म्हणजे तुर्की भाषाकुळातील एक मुसलमान समाज, म्हटले की आपल्याला बातम्यांतला चीनचा शिनजियांग प्रांतच आठवतो. अल्माटीत मात्र हे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. रशियाने ताब्यात घेतलेले शिनजियांगमधील इली खोरे १८८१ च्या करारानुसार चीनला परत मिळाले, तेव्हा तिथली हजारो कुटुंबे सरहद्द ओलांडून या बाजूला आली आणि पुढे १९६२ मध्ये आणखी एक मोठा लोंढा आला. २०२१ च्या जनगणनेत कझाकस्तानातील त्यांची संख्या सुमारे २ लाख ९० हजार भरली. शहरातील द्रुझबा आणि सुलतान-कुर्गान या वस्त्या त्यांच्या म्हणूनच ओळखल्या जातात. साहजिकच त्यांचे जेवण इथे कोणालाच अपूर्वाईचे वाटत नाही. आमच्या आजूबाजूला बसलेली मंडळी टॅक्सीवाले, कचेरीतले लोक आणि नातवंडांना घेऊन आलेल्या आज्या अशी होती, आणि सगळे जण भराभर जेवून उठत होते.

बसल्याबरोबर वाढणाऱ्या मुलीने पहिला प्रश्न विचारला, तो चहा लगेच आणू की जेवणानंतर, असा. इथे चहा किटलीने येतो आणि जेवणाबरोबरच प्यायला जातो. मेनू रशियन भाषेत होता. “मावशी, आधी मांस कसलं आहे ते विचारते, मग पदार्थ ठरवू,” असे म्हणून भाचीने उलट्या क्रमाने सुरुवात केली आणि तोच क्रम योग्य आहे, असे मला वाटते. या खानावळी हलाल असल्यामुळे डुकराच्या मांसाचा प्रश्न येत नाही. परंतु लगमान (हाताने ओढलेल्या लांब शेवया आणि वर मांस-भाजी) या त्यांच्या मुख्य पदार्थात बोकडाऐवजी मेंढीचे किंवा गाईचे मांस असते आणि नेहमीच्या लगमानवरची रस्साभाजी एकदाच मोठ्या पातेल्यात शिजवलेली असल्यामुळे त्यातले मांस बदलून मिळत नाही. त्या दिवशीची भाजी गाईच्या मांसाची होती. कढईत परतून दिला जाणारा लगमान मात्र मागणीनुसार करतात, म्हणून ‘बारानिना’, म्हणजे मेंढीचे मांस, घालून तो करायला सांगितला. निव्वळ शाकाहारी माणसाने येथे अधिक सावध राहावे. लाल भोपळ्याच्या मांटी (वाफवलेल्या मोठ्या मोदकवजा करंज्या म्हणता येतील) दिसायला निर्धोक वाटतात, पण त्या सारणात पुष्कळदा मेंढीच्या शेपटीची चरबी घातलेली असते. तंदुरात भाजलेल्या सामसाचीही तीच कथा.

मुदपाकखान्याला काचेची भिंत होती, त्यामुळे लगमान ओढताना पाहता आला. मैदा, मीठ आणि पाणी यांची कणीक मुरवून तिच्या करंगळीएवढ्या वळ्या केलेल्या होत्या आणि तेल चोपडून त्या परातीत गोल वेटोळ्यांनी रचून ठेवल्या होत्या. स्वयंपाकीण त्यातली एक वळी उचलून दोन्ही हातांच्या पंजांवर वेढे घेत होती, मग हात फाकवून ते वेढे लाकडी ओट्यावर आपटत होती. प्रत्येक आपटीसरशी ते लांब आणि बारीक होत जात, पण तुटत नसत. उकळत्या पाण्यात थोडाच वेळ ठेवून ते थंड पाण्यातून काढतात, म्हणजे चिकटत नाहीत.

ताट आले ते दोघींना पुरेल एवढे. सिमला मिरची, कांदा, टोमॅटो, शेंगा, मांसाचे पातळ तुकडे आणि जुसाय नावाची लसणाच्या वासाची हिरवी पात असे सारे मोठ्या आचेवर परतलेले होते. मसाला बेताचा असतो. आपल्या रश्श्याची सवय असलेल्याला पहिल्या घासात तो थोडा कमी वाटेल. त्यासाठी टेबलावर काळसर व्हिनेगर आणि लाल मिरची व लसूण यांवर कडकडीत तेल ओतून केलेली चटणी ठेवलेली असते. मी दोन्ही सढळ हाताने घेतले. परंतु या पदार्थाची खरी गंमत त्या ओढलेल्या शेवयांमध्येच आहे. बाहेरून गुळगुळीत, आत दाताला किंचित प्रतिकार करणाऱ्या, आणि बहुधा एकेक हातभर लांब. म्हणूनच लगमान आला की गप्पा आवरत्या घ्याव्यात, कारण निवल्यावर त्या फुगतात आणि ती चव उरत नाही. काटे मिळतात, पण वयस्कर मंडळी काड्यांनी खात होती आणि त्यांची पंचाईत आमच्याहून कमी होत होती.

दूध, मीठ आणि साय घातलेला अत्कान चहाही मी मागवला. गोड चहावर वाढलेल्या जिभेला तो चहा म्हणून पटत नाही; सार म्हणून प्यायला तर उत्तम लागतो. शिनजियांगमध्ये राहिलेल्या नातेवाइकांविषयी तिथे कोणाला काही विचारायचे नाही, हे भाचीने वाटेतच सांगून ठेवले होते आणि मलाही ते योग्य वाटले. जेवायला बसलेल्या परक्या माणसाने घरच्या जखमांची चौकशी करू नये.

बिलात सेवाशुल्क वेगळे लावलेले असते, त्यामुळे निराळी बक्षिसी द्यायची की नाही हे बिल वाचूनच ठरवावे. उरलेल्या मांटी बांधून घेतल्या, त्या डब्याचेही थोडे पैसे पडले. त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा वाफवूनच खाव्यात; मायक्रोवेव्हमध्ये त्यांची पारी वातड होते, याबद्दल भाचीच्या वसतिगृहात एकमत आहे.