चढत्या पाण्याचा व्हिडिओ करताना

आमचं घर सांगलीत, गावभागात. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले (धोक्याची पातळी ४५), तेव्हा आप्पा जिन्याच्या भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारून शेजारी वेळ लिहीत होते. घर रंगवताना तेवढी पट्टी त्यांनी तशीच सोडायला लावली. ते पाणी हलतं दाखवावं, असं मनात होतं. पण मोजून तेवीस रेघा, त्यात ॲनिमेशन काय होणार?

म्हणून आधी हात बसवायला २०१२च्या, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आलेल्या सँडी वादळाचे आकडे घेतले. अमेरिकेची 'नोआ' ही संस्था किनाऱ्यावरच्या केंद्रांची दर सहा मिनिटांची पाणीपातळी फुकट देते. न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला 'बॅटरी' नावाचं केंद्र आहे. तिथले २७ ते ३१ ऑक्टोबर उतरवले. दिवसाला २४० नोंदी, पाच दिवसांच्या १,२०० फ्रेम. सेकंदाला २४ लावल्या की ५० सेकंदांचा व्हिडिओ.

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबनं पहिला व्हिडिओ निघाला तो हसण्यासारखा. पाणी जागच्या जागी आणि बाजूचे आकडेच पळतायत. प्रत्येक फ्रेमला आलेखाचा उभा अक्ष स्वतःहून ताणला जात होता. उणे दोन ते सोळा फूट असा तो बांधून टाकला, तेव्हा कुठं पाणी चढायला लागलं.

आप्पा मागं उभे होते. "आरं, पूर चढतोय तर मधीच खाली का जातंय?"

नदीकाठच्या माणसाला ते खटकणारच. मी "भरती-ओहोटी" म्हणून मोकळा झालो, पण प्रश्न बरोबर होता. यातलं वादळाचं पाणी कुठलं आणि रोजचं कुठलं, हे चित्रात दिसतच नव्हतं. नोआ भरतीचं आगाऊ गणितही देते. मोजलेल्या पातळीतून ते वजा केलं की उरतं ते वादळानं ढकललेलं पाणी.

वजा केलं, तर वादळ यायच्या दोन दिवस आधीपासूनच पाणी दिवसातून दोनदा जवळपास चार फूट वर, चार फूट खाली! दोन रात्री कोड तपासण्यात गेल्या. शेवटी घोळ निघाला घड्याळाचा. मोजलेले आकडे मी ग्रीनिच वेळेत मागवले होते आणि गणिताचे न्यूयॉर्कच्या वेळेत. चार तासांचा फरक. दोन्हीकडं एकच वेळ लावली आणि ती खोटी लाट गेली.

मग २९ तारखेची रात्र नीट दिसली. साडेनऊच्या सुमारास बॅटरीला पाणी १४ फुटांवर. हे फूट तिथल्या रोजच्या दोन ओहोटींपैकी जी जास्त खाली जाते, तिच्या सरासरीपासून मोजलेले. त्यातले नऊ फुटांहून जास्त एकट्या वादळाचे, आणि ते नेमके भरतीच्या तोंडावर आलेले. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड साउंड या समुद्राच्या पट्ट्यावरच्या किंग्ज पॉइंटला वादळाचा फुगवटा याहून मोठा, साडेबारा फुटांच्या वर. पण तो आला ओहोटीच्या वेळी, म्हणून तिथं थोडक्यात निभावलं. दोन्ही आलेख शेजारी-शेजारी चालवले तेव्हा मला हे खरं कळलं. नुसत्या आकड्यांवरून मी किंग्ज पॉइंटच जास्त बुडालं असेल असं धरून चाललो होतो.

तिसरं केंद्र घेतलं न्यू जर्सीतल्या सँडी हूकचं. तिथं रेघ छान गुळगुळीत वर जाऊन उतरत होती, जरा जास्तच गुळगुळीत. मूळ फाइल उघडली तर पाणी चढता चढताच नोंदी संपलेल्या. वादळात ते केंद्रच बंद पडलं होतं आणि पुढची रिकामी जागा माझ्या कोडनं अंदाजानं भरली होती. ती ओळ खोडली. आता तिथं रेघ वर जाताना तुटते.

आप्पांनी व्हिडिओ तिथं थांबवायला लावला. "मापायचं बंद पडलं व्हय?"

"हो."

"आपल्या पण रेघा नवव्या पायरीलाच थांबल्यात की. तिथनं आपल्याला नावेत घातलं."