फडक्यात बांधलेला अळू
दादर स्थानकाच्या पश्चिमेला ज्या मावशींकडून मी अनेक वर्षे अळू घेत आलो, त्यांची टोपली आता रोज नव्या जागी शोधावी लागते. २०१७ च्या एल्फिन्स्टन पुलावरील चेंगराचेंगरीनंतर मुंबई उच्च न्यायालयाने स्थानकांपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. गर्दीची ती चिंता मला पटते. मात्र सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही हटवू नये, असे २०१४ चा पथविक्रेता कायदाच सांगतो, आणि तो पाळला जात नाही याचे मला दुःख आहे. पहाटे उधारीवर उचललेला माल जप्त झाला, तर त्या दिवसाच्या कमाईबरोबर उद्याचे भांडवलही जाते. परवा मावशींनी जुड्या फडक्यात बांधूनच ठेवल्या होत्या. पालिकेची गाडी दिसताच उचलता याव्यात म्हणून.