शेरापासून मापटं: मातीच्या आकसण्याची नोंद

घरातल्या जुन्या धातूच्या वस्तूंच्या मी मातीत प्रती करतो. अडकित्ता आणि सोऱ्या झाल्यावर यावेळी धान्याचं माप घेतलं: तोंडाकडे किंचित फाकलेला जुना पितळी शेर. मातीच्या अडकित्त्याने सुपारी फुटत नाही, तो शोभेचाच राहतो. माप मात्र मातीचं झालं तरी माप असतं, कितीचं एवढंच बदलतं. मला तेच बघायचं होतं.

माझी स्टोनवेअरची (जास्त तापमानाला भाजायच्या मातीची) स्लिप, म्हणजे साच्यात ओतायची पातळ माती, १,२२० अंश सेल्सिअसला भाजल्यावर साधारण ११ टक्के आकसते, थोडी वाळताना, बाकीची भट्टीत. आकडा किरकोळ वाटतो, पण माप तिन्ही बाजूंनी लहान होतं. ०.८९ चा घन ०.७०५, म्हणजे शेरावरून ओतलेल्या मापात जेमतेम ७० टक्के धान्य मावणार. त्या भाजलेल्या मापावरूनच पुन्हा साचा काढून ओतलं तर ०.७०५ गुणिले ०.७०५, म्हणजे ०.४९७. जवळजवळ अर्धा शेर. अर्धा शेर म्हणजे मापटं! वहीत हे उतरल्यावर दुसरं काही सुचेना.

आपली जुनी मापं दुपटीचीच आहेत. दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, मग अधोली, मग पायली. म्हणजे दर दोन भाजणींना एक पायरी उतरता येईल. १९५६ चा कायदा झाला, १९५८ पासून मेट्रिक मापं लागू होऊ लागली आणि ही सगळी उतरंड हळूहळू माळ्यावर गेली. मुलांना ती पाठ नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

खरी मेहनत साच्यात होती. नेहमीसारखा बाहेरून साचा घेतला, तर मातीच्या भिंतीची जाडी आत येते आणि आतलं माप उगाच आणखी घटतं. म्हणून शेरात मेण ओतलं. मेण थंड होताना आकसतं, त्यामुळे सहज सुटून येतं (मधे खळगा पडतो, तो वरून मेण घालून भरायचा). त्या मेणाच्या गोळ्याभोवती ५ मिमी मातीची पोळी गुंडाळली आणि त्यावर प्लास्टरचा साचा घेतला. मग मेण आणि पोळी काढून साच्यात स्लिप ओतायची, भिंतीला बरोबर ५ मिमी धरेपर्यंत ठेवायची आणि उरलेली ओतून टाकायची. आतली पोकळी मूळ शेराएवढीच मिळते. भट्टीत तोंड लंबगोल होऊ नये म्हणून दोन मापं तोंडाला तोंड लावून भाजली.

मोजणी मोहरीने, वरून पट्टी फिरवून, शीग नाही. मूळ शेर ९८० मिली, पहिली पिढी ६९८, दुसरी ४९७. निम्मं ४९० हवं होतं. पण घरातलं खरं पितळी मापटंही ४८४ भरलं, म्हणजे तांबटाच्या हातातही एवढं मागेपुढे होतच होतं. मी खूश आहे.

या पद्धतीत शेराच्या बाहेरच्या अंगावर ठोकलेलं नाव साच्यात उतरत नाही. माप महत्त्वाचं म्हणून ते सोडलं, आणि माती चामड्याइतकी घट्ट झाल्यावर खिळ्याने टिंबाटिंबांनी पुन्हा घातलं. टिंबं थोडी लांब लांब घ्या, भाजल्यावर जवळ येतात.

धातूची वस्तू मातीत उतरवण्याचा नाद आपल्याकडे जुनाच. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि तेलंगणातल्या कोंडापूरला सातवाहन काळात रोमन नाण्यांच्या मातीच्या प्रतिकृती करत, दोरा ओवायची सोय ठेवून गळ्यात घालत. ते वाचूनच मी शिवराईचा ठसा पोर्सेलिनवर घेतला होता. ‘छत्र पति’ नीट उठलं, पण नाणं बरंच लहान झालं.

चिपट्याच्या आधी आता उलटा प्रयोग करणार आहे: भाजल्यावर बरोबर ९८० मिली भरेल असा मातीचा शेर. त्यासाठी मेणाचा गोळा चालणार नाही, मॉडेल १२.४ टक्के मोठं लागेल (१ भागिले ०.८९). १०० मिमी उंचीला ११२.४. ते प्लास्टरमध्ये चाकावर वळायला घेतलं आहे.