पहिला प्रश्न बाईचा

नाशिक, 20 ऑगस्ट

आज अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा स्मृतिदिन. अशा दिवसाच्या कार्यक्रमपत्रिकांची ठेवण ठरलेली असते. अध्यक्ष, प्रमुख वक्ते, पाहुणे सगळे पुरुष, आणि सूत्रसंचालन व आभार बाईकडे. 1893 मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेच्या अध्यक्षपदी सावित्रीबाई होत्या. सव्वाशे वर्षं उलटली तरी आपण आभाराच्या पाच मिनिटांवर अडकलोय.

ही मानपानाची तक्रार नाही. करणी, जट, अंगात येणं, मूल होत नाही म्हणून बाबाकडच्या वाऱ्या, या सगळ्याचा मार बाईवर पडतो. तिथली खरी माहिती बाईने बाईला विचारल्याशिवाय बाहेर येत नाही.

चमत्कार सादरीकरणाचंच, म्हणजे बाबांचे ‘चमत्कार’ करून दाखवून त्यामागची युक्ती उघड करण्याचंच घ्या. हळदीच्या पाण्याचं ‘रक्त’ करायचं तर पेलाभर पाणी, पाव चमचा हळद, वरून चमचाभर चुन्याची निवळी. लगेच लाल होतं. अर्धं लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. फसतं ते बहुतेक वेळा चुन्यामुळे: डबी महिनोन् महिने उघडी राहिली की हवा लागून चुन्याचा खडू होतो आणि रंग पालटतच नाही. पुरुष कार्यकर्ता इथे अल्कली समजावत बसतो. बाई समोरच्यांनाच विचारते, साडीवरचा हळदीचा डाग साबण लावल्यावर काय होतो? अर्धा मांडव उत्तर देतो. हळदीला चुना लावूनच कुंकू होतं हेही तिथल्याच कुणीतरी सांगतं. बाबाचं रक्त तेवढ्यात निकालात निघतं.

मंत्राने होम पेटवण्याच्या प्रयोगाला मात्र जपावं. पोटॅशियम परमँगनेटची चमचाभर बारीक पूड, मध्ये खळगा, त्यात ग्लिसरीनचे चार-पाच थेंब. पेटायला काही सेकंद लागतात. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या थंडीत जास्तच, शिवाय ग्लिसरीन ओलावा ओढतं, म्हणून जुनी बाटली दगा देते. पेटलं नाही म्हणून वाकून बघायचं नाही, कारण नेमका तेव्हाच भडका उडतो. सुती साडी, पदर खोचलेला, शेजारी वाळूची बादली. या सूचना पत्रकात नसतात, कारण पत्रक लिहिणाऱ्याला पदर नसतो.

सादरीकरण संपलं की प्रश्न येतात. पुरुषाला विचारतात, पाण्यावर दिवा कसा पेटतो? बाईला विचारतात, तुम्ही मंगळसूत्र घालता का, पाळी पाळता का, सासूबाई काय म्हणतात? पुरुष कार्यकर्त्याला जानवं आहे का, असं कुणी विचारलेलं ऐकिवात नाही. उत्तर द्यायचं की नाही हे तिचं तिने ठरवावं. अध्यक्षांनी एवढंच करावं: पहिला प्रश्न मुद्दाम बायकांकडून घ्यावा. पहिला प्रश्न पुरुषाचा आला की पुढचे पाचही तिकडचेच येतात. माइक फिरवण्याऐवजी चिठ्ठ्या वाटल्या तर माहेरच्या देवीपासून नवऱ्याच्या दारूच्या उताऱ्यापर्यंत सगळं कागदावर उतरतं. आणि वेळ. संध्याकाळी सहा म्हणजे स्वयंपाकाची वेळ. सातपूर-सिडकोच्या वस्तीत दुपारी दोन ते चार धरावेत. नळाला पाणी कधी येतं तेही आधी विचारून घ्यावं.

जटेचं काम सगळ्यात नाजूक. केस विंचरायचे थांबले, तेल, धूळ, घाम, कुंकू साचलं की केसांचं नमद्यासारखं घट्ट गठुडं होतं. देवीची खूण म्हणून ते पुजलं जातं, मान दुखते, उवा होतात, कातडीला जखमा होतात. पहिल्या भेटीत कात्री पिशवीतून काढायचीसुद्धा नाही. जट कधी दिसली, देवीचं म्हणून आधी कोण म्हणालं, कापली तर घरात कोणाचं काय होईल असं वाटतं, एवढंच ऐकायचं. होकार तिचा हवा, नवऱ्याचा पुरत नाही. कापताना ओढायचं नाही. जट डोक्याला चिकटलेली असेल तर कातडी तिच्याबरोबर वर उचलली जाते, म्हणून आधी दोन बोटं अंतर ठेवून, धारदार कात्रीने थोडं थोडं, एका घावात नाही. मग उरलेले केस सावकाश. कोमट पाण्याने धुऊन, जखम नसेल तर उवांसाठी एक टक्का परमेथ्रिन दहा मिनिटं, आठ-दहा दिवसांनी पुन्हा. जखम असेल तर आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे.

फोटो नाही. ती स्वतःहून म्हणाली तरच. इथे आपलीच मंडळी घाई करतात.

काम बिघडतं ते नंतर. पुढच्या महिन्याभरात घरातल्या पोराला साधा ताप आला तरी तो जटेच्या खाती जातो. म्हणून आठवड्याने फोन, पंधरा दिवसांनी भेट, आणि सासूशी वेगळं बोलणं. हे सगळं बायकाच करतात. अहवालात मात्र त्यांची नोंद होते ‘व इतर महिला कार्यकर्त्या’ अशी. इतिवृत्त लिहिणाऱ्याने जट कोणी सोडवली, समजूत कोणी घातली, त्यांची नावं पूर्ण लिहावीत. पुढच्या वर्षीचा वक्ता याच नोंदींतून निवडला जातो.

2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याबद्दल बायकांना एक कलम मुद्दाम वाचून दाखवावं. अलौकिक शक्तीने मूल होईल असं सांगून मूल न होणाऱ्या बाईशी शरीरसंबंध ठेवणं अनुसूचीत स्पष्ट लिहिलेलं आहे. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र, शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. लैंगिक गुन्ह्यात बाईचा जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो, ठाण्यात तशी मागणी करावी. जाण्याआधी तारखा, दिलेले पैसे, बाबाचे मेसेज क्रमाने कागदावर उतरवून घ्यावेत, मेसेज पुसू नयेत. सोबत जाणाऱ्या कार्यकर्तीने तिच्या वतीने बोलायचं नाही, शेजारी बसायचं.