सुंतेनंतरचा दुसरा दिवस

मे महिन्याची सुट्टी लागली की रायगडच्या किनारपट्टीवर सुंतेचे दिवस येतात. आखाती देशांत नोकरी करणारे वडील त्याच सुमारास रजेवर आलेले असतात, मुलांना शाळा नसते, आणि जखम भरेपर्यंत मुलाला लुंगी गुंडाळून घरात ठेवणे सोयीचे जाते. बालशल्यचिकित्सक म्हणून मी या भागात सतरा वर्षे काम करीत आहे आणि दर उन्हाळ्यात अशा बऱ्याच मुलांची सुंता माझ्या हातून होते. तरीही कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या येणाऱ्या हज्जामालाच बोलावतात. त्यात मला गैर वाटत नाही, कारण त्यांच्यापैकी काहींचा हात खरोखरच सफाईदार असतो.

त्या दुपारी वडिलांनी उचलून आणलेला मुलगा पाच वर्षांचा, वजनाने सोळा किलो होता. आदल्या दिवशी मनगटाला बांधलेला मोगऱ्याचा गजरा सुकून तपकिरी झाला होता, पण तो त्याने काढू दिला नव्हता. कमरेभोवतीचा टॉवेल भिजून जड झाला होता. सकाळी सुंता झाली, रक्त लगेच थांबले, मुलगा दिवसभर मिठाई खात बसला होता आणि रात्री झोपेत अंथरूण रक्ताने ओले झाले, असे वडिलांनी सांगितले. मी ते ऐकले, पण त्याचा अर्थ लावला नाही. खालच्या बाजूची बारीक रोहिणी सुटली असेल, असे गृहीत धरून मी मुलाला भूल देववली आणि दोन टाके घातले. वीस मिनिटांनी पट्टी पुन्हा लाल झाली. ती उघडली तेव्हा रोहिणी कोरडी होती. सुई जिथे जिथे शिरली होती, त्या प्रत्येक छिद्रातून मात्र एकेक थेंब वर येत होता.

जखम झाल्यावर आधी प्लेटलेट या रक्तातील सूक्ष्म पेशी धावून येतात आणि तात्पुरती गुठळी बसवतात. ती पक्की करण्याचे काम रक्तातील काही प्रथिनांचे असते, त्यांना फॅक्टर म्हणतात. त्यांपैकी एक जरी कमी पडले, तरी सुरुवातीला सारे ठीक दिसते आणि काही तासांनी ती गुठळी सुटते. सकाळी थांबलेले रक्त रात्री पुन्हा सुरू झाले, यातच निदान होते. जो प्रश्न मी सुई हातात घेण्याआधी विचारायला हवा होता, तो मी टाके घातल्यावर विचारला, आणि तोही आधी वडिलांनाच. त्यांच्या घरात असे कोणाला झाले नव्हते. बाकावर मुलाची नानी बसली होती. तिच्याकडे वळलो तेव्हा ती म्हणाली, "माझा मुलगा होता, डॉक्टरसाहेब. सहा वर्षांचा. दुधाचा दात पडला, आणि पाच दिवस रक्त थांबलं नाही. सहाव्या दिवशी गेला. त्याची सुंता व्हायची होती." मग थोडे थांबून तिने म्हटले, "मला कोणी विचारलंच नाही."

प्लेटलेटची संख्या उत्तम होती, प्रोथ्रॉम्बिनची वेळ ही रक्त गोठण्याची चाचणीही बरोबर आली. एपीटीटी ही दुसरी चाचणी मात्र तीस-पस्तीस सेकंदांऐवजी चौऱ्याऐंशी सेकंद दाखवत होती. हा हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात विकार आहे, याविषयी मला शंका उरली नाही. तो आठव्या फॅक्टरचा की नवव्याचा, हे मुंबईच्या प्रयोगशाळेतूनच कळणार होते. दोन्ही फॅक्टर ज्यात असतात तो गोठवलेला प्लाझ्मा रक्तपेढीतून मागवून रात्रभर हळूहळू दिला, जखमेवर बोटाने दाब धरून आम्ही आळीपाळीने बसलो, आणि बसलेली गुठळी विरघळू नये म्हणून ट्रॅनेक्झामिक ॲसिड हे औषध सुरू केले. दुसऱ्या दिवशी अहवाल आला: फॅक्टर आठ, चार टक्के. वजनाच्या दर किलोमागे या फॅक्टरचे एक युनिट दिले की पातळी साधारण दोन टक्क्यांनी वाढते. पन्नासपर्यंत नेण्यासाठी जवळपास चारशे युनिट लागणार होती. मुलाच्या मामेकाकांनी बर्फाच्या डब्यात पाचशे युनिटांची कुपी आणली, ती मी पूर्ण दिली. तासाभरात पट्टी कोरडी राहिली. बारा तासांनी पुढचा डोस दिला, कारण हा फॅक्टर रक्तात फार काळ टिकत नाही.

हा विकार साधारण पाच हजार मुलग्यांमागे एकाला असतो. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने मुलाला तो आईकडून मिळतो, आणि आई स्वतः बहुधा निरोगी दिसते. म्हणूनच हा प्रश्न आईच्या माहेरी विचारायचा असतो. ही गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकांच्या कितीतरी आधी जाणली गेली होती. आमच्याच जिल्ह्यातील बेने इस्रायली ज्यू, ज्यांना गावकरी पूर्वी शनिवार तेली म्हणत, मुलाची सुंता आठव्या दिवशी करीत आले आहेत. त्यांच्यापैकी एक निवृत्त शिक्षक माझे रुग्ण होते. त्यांनी मला एकदा तालमुद या ज्यूंच्या प्राचीन धर्मग्रंथातील गोष्ट सांगितली होती. सिप्पोरी गावातल्या चार बहिणींपैकी पहिलीचा मुलगा सुंतेनंतर दगावला, मग दुसरीचा, मग तिसरीचा. चौथी आपल्या बाळाला घेऊन रब्बान शिमोन बेन गमलिएल या धर्मगुरूंकडे गेली, तेव्हा त्यांनी सुंता करू नकोस असे सांगितले. बाप वेगवेगळे असूनही धोका बहिणींच्या रक्तातून येतो, हे त्या काळी कोणीतरी ओळखले होते. मी ती गोष्ट कौतुकाने ऐकली होती, आणि तरीही त्या दुपारी आधी टाका घातला.

सुंता करावी की करू नये, हे ठरवणे माझे काम नाही असे मी मानतो. वैद्यकीय कारण नसेल तर मात्र मी ती सुचवत नाही. कातडी मागे सरकत नाही म्हणून घाबरून येणाऱ्या पालकांना, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, मी बहुतेक वेळा परत पाठवतो. लहान वयात ती चिकटलेली असणे स्वाभाविक आहे आणि ओढून मागे करणे अपायकारक. पण ज्या घराला तो विधी हवा आहे, त्या घराशी वाद घालून मी त्यांना दूर लोटले, तर हा प्रश्न विचारायला मी तिथे नसेन.

चौथ्या दिवशी मुलगा चालू लागला. त्याचा धाकटा भाऊ दोन महिन्यांचा होता आणि त्याचे काय करायचे, हे वडिलांनी मौलानांना विचारले. जिवाला धोका असेल तिथे सुंतेचा आग्रह नाही, तपासणी होईपर्यंत थांबा, असे त्यांनी सांगितले. बाळाचे रक्त तपासले, फॅक्टर आठ योग्य निघाला. हज्जामालाही मी भेटायला बोलावले. तो खाली मान घालून बसला होता. चूक तुमची नाही, हे मी त्याला दोनदा सांगितले, आणि नानीचे वाक्य त्याला ऐकवले.

घरी सोडायच्या दिवशी नानी माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसली आणि बोटे मोजू लागली. तिला आणखी दोन मुली होत्या, एक श्रीवर्धनला, एक कुवेतला. श्रीवर्धनच्या मुलीला तीन वर्षांचा मुलगा, कुवेतचीला सातवा महिना. तिसऱ्या बोटावर ती थांबली, आणि मी सांगण्याआधीच म्हणाली, "फोन लावून द्या, डॉक्टरसाहेब. तुमच्यासमोरच बोलते."